अभ्यासक्रमाचे संकेतस्थळ : वर्ग की दप्तरखाना?

२०२० च्या मार्चमध्ये महाविद्यालयांचे दरवाजे बंद झाले आणि प्राध्यापकांना अल्पावधीत आपापल्या विषयाचे संकेतस्थळ उघडावे लागले. कोणी गूगल क्लासरूमचा आश्रय घेतला, कोणी मूडलचा. ज्यांना यांपैकी काहीच जमले नाही त्यांनी व्हॉट्सॲपच्या गटावर वेळ निभावून नेली. पुढे वर्ग पूर्ववत सुरू झाले, खडू-फळा पुन्हा हाती आला, परंतु ही संकेतस्थळे उरली. ती उरणे गैर नाही. गैर आहे ती त्यांतील पुष्कळांची आजची अवस्था.

या अवस्थेचे मूळ केवळ शिक्षकांच्या आळसात शोधणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजेच ‘नॅक’ने, २०१७ साली आणलेल्या सुधारित पद्धतीत अध्यापनातील माहिती-तंत्रज्ञानाच्या वापराचाही पुरावा मागितला. पुरावा मागितला की पुरावा तयार होतो, हा आपल्या कारभाराचा जुना अनुभव! साहजिकच समितीच्या नजरेस पडाव्यात म्हणून फायली चढवल्या गेल्या, आणि विद्यार्थी त्या उघडतात की नाही हा प्रश्न मागे पडला. संकेतस्थळाचा वर्ग होण्याऐवजी दप्तरखाना झाला.

विद्यार्थी हे संकेतस्थळ बहुधा मोबाईलच्या वीतभर पडद्यावर पाहतो, तेही एस.टी.च्या प्रवासात किंवा दिवसाचा डेटा संपत आलेला असताना. त्याच्यापुढे वर्षभराच्या साठ फायली एकदम ओतल्या, आणि त्यांची नावे ‘नोट्स नवीन’, ‘नोट्स फायनल’ अशी असली, तर त्याने शोधायचे काय? पहिल्या पडद्यावर एवढेच असावे : या आठवड्यात काय वाचायचे, काय लिहून द्यायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत. फाईलच्या नावात घटक आणि विषय यावा. तासाभराच्या चित्रफितीऐवजी दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण पुष्कळदा अधिक उपयोगी पडते. सूचनेची जागा एकच ठरवावी. व्हॉट्सॲपवर एक तारीख आणि संकेतस्थळावर दुसरी असली की विद्यार्थी दोन्हींवरचा विश्वास गमावतो. मूडलमध्ये शिक्षकाला विद्यार्थ्याच्या भूमिकेतून आपलेच पान पाहण्याची सोय आहे. ती वापरून स्वतःच्या मोबाईलवर एकदा नजर टाकली, तरी निम्मे दोष आपोआप ध्यानी येतील.

मराठीतून शिकवणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. जुन्या टिपणांचा मोठा साठा श्रीलिपीसारख्या छपाईच्या फाँटांत टंकलेला आहे. तो फाँट नसलेल्या यंत्रावर ही टिपणे उघडली की अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसते. यावर उपाय म्हणून पाने स्कॅन करून चढवली जातात. चित्र दिसते हे खरे. पण त्यात शब्द शोधता येत नाही, आणि अंध विद्यार्थ्याला मजकूर वाचून दाखवणारी यंत्रणा तेथे मुकी होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ पासून अस्तित्वात असताना हे चालू राहावे, ही शोभादायक गोष्ट नव्हे. टिपणे युनिकोडमध्ये आणण्याचे काम कंटाळवाणे आहे खरे, परंतु ते एकदाच करावे लागते.

गृहपाठाचे स्वरूपही बदलावे लागेल. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरल्यापासून ‘ग्रामीण बेरोजगारीची कारणे लिहा’ अशा प्रश्नाचे उत्तर क्षणात मिळते. त्याऐवजी विद्यार्थ्याने आपल्या गावच्या ग्रामपंचायतीचा जमाखर्च मिळवून त्यावर एक पान लिहावे आणि त्याबद्दल वर्गात दोन प्रश्नांना तोंडी उत्तरे द्यावीत, असे सांगता येते. शंकांची उत्तरे आठवड्यातील ठरावीक वेळी आणि सर्वांना दिसतील अशी द्यावीत. चाळीस जणांची तीच शंका चाळीस वेळा सोडवण्याचे श्रम वाचतात. गुण मात्र ज्याचे त्यालाच दिसावेत. मोबाईल क्रमांकांसह गुणांची यादी गटावर टाकण्याची सवय तर तत्काळ थांबली पाहिजे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’वरून पूर्ण करण्यास मुभा दिली. देशातील नामवंतांची व्याख्याने तेथे विनामूल्य ऐकता येतात. स्थानिक प्राध्यापकाने त्यांच्याशी चित्रफितींची स्पर्धा करण्यात अर्थ नाही. कोणता विद्यार्थी कोठे अडखळतो हे त्याला ठाऊक असते, आणि नेमके तेच दूरच्या व्याख्यात्याला ठाऊक नसते. त्याचे संकेतस्थळ या ओळखीवर उभे राहिले पाहिजे.

मात्र ही सारी अपेक्षा कोणाकडून करायची? अनेक महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर आहे. त्यांना मोबदला मिळतो तो वर्गात घेतलेल्या तासाचा; संकेतस्थळावर खर्च होणारी संध्याकाळ कोणत्याही हिशेबात येत नाही. त्यातून महाविद्यालयाचे खाते मिळाले नाही तर असा अध्यापक आपल्या खासगी खात्यावरच वर्ग उघडतो. वर्षअखेर नेमणूक संपते आणि टिपणे, प्रश्नसंच, विद्यार्थ्यांचे लेखन हे सारे त्या खात्यातच राहते. पुढच्या जूनमध्ये येणारा अध्यापक पुन्हा कोऱ्या पानापासून आरंभ करतो. आधीच्या अध्यापकाने तयार केलेल्या टिपणांवर त्याचा हक्क आहेच. पण विद्यार्थ्यांचे लेखन आणि गुण त्याच्या खासगी खात्यात पडून राहणे कोणाच्याच हिताचे नाही. महाविद्यालयाने प्रत्येक अध्यापकाला, मग तो एका सत्रापुरता का असेना, संस्थेचे खाते द्यावे, त्याच्या संमतीने टिपणांची प्रत त्याच्या नावासह जतन करावी, आणि आठवड्यातील निदान एक तासिका या कामासाठी मोजून तिचा मोबदला द्यावा. यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. वेळापत्रकात एक चौकट वाढवावी लागते, आणि ते अधिकार प्राचार्य व व्यवस्थापन यांच्याकडे आहेत.