मेणाच्या थराशी गाठ
द्राक्षाचा मणी बोटांनी चोळून पाहा, सालीवरचा पांढुरका थर पुसला जातो आणि खालची चकाकी दिसते. हा थर मेणाचा. मण्यातलं पाणी राखणं हे त्याचं काम, आणि बेदाणा करणाऱ्याची नेमकी तीच अडचण. संशोधकांनी त्यावर काढलेली तोड मला फार मोलाची वाटते. लिटरभर पाण्यात साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली इथाईल ओलिएट. या दुसऱ्यालाच तासगावकडे डिपिंग ऑइल म्हणतात. पिकलेले घड या द्रावणात काही मिनिटं बुडवले की मेणाची घडण बदलते आणि ओलाव्याला बाहेर पडायला वाट मिळते. मग शेडमधल्या जाळीच्या रॅकवर, सावलीत, पंधरवड्याच्या आसपास माल तयार होतो. उन्हात तपकिरी पडला असता तो रंग हिरवट-पिवळा राहतो. चार किलो द्राक्षांचा जेमतेम किलोभर बेदाणा, त्यामुळे गोडी भरण्याआधी घाईने तोडणी केली तर वजनातच मार बसतो. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळालं याचा अभिमान आहेच. पण मार्चमधल्या अवकाळीने हवा दमट झाली की रॅकवरचा माल काळपट पडतो आणि सौद्यात भाव कोसळतो. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, राज्यात कृषी विद्यापीठं आहेत. दोन-चार एकरवाल्याला परवडेल असं बंदिस्त वाळवणयंत्र हा त्यांचा पहिला विषय असायला हवा, नव्या वाणांच्याही आधी.