तोच काता, पुन्हा!

"वर्ष झालं कराटेला जाऊन, अजून पोरगा तोच काता करतोय! पैसे कसले घेतात मग?" ही तक्रार इथे अमेरिकेतल्या देसी पालकांकडून ऐकतो आणि पुण्या-ठाण्याच्या फोनवरही ऐकतो. मंडळी, एकदाचं स्पष्ट सांगतो: तक्रार उलटी हवी. दर तीन महिन्यांनी नवा काता आणि नवा पट्टा मिळत असेल, तर काळजी करा!

हा 'तोच काता' म्हणजे अनेक शोतोकान क्लासांत ताइक्योकु शोदान. हालचाली एकूण २०. त्यात ८ वेळा खालचा ब्लॉक, १२ वेळा पाऊल पुढे टाकून ठोसा. इंग्रजी कॅपिटल 'आय'च्या आकारात चालायचं, दोनदा आरोळी ठोकायची आणि निघालो तिथेच परत यायचं. मिनिटभराचा मामला. चुणचुणीत पोराला दोन दिवसांत पाठ होतो.

पण पाठ होणं म्हणजे येणं नव्हे. वळताना तोल जातो का? मागची टाच उचलली जाते का? ठोसा मारताना खांदा वर चढतो का? दुसरा हात कमरेशी येतो, की हवेत लोंबकळतो? प्रयोगशाळेत आम्ही उपकरण आधी माहीत असलेल्या मापावर पुन्हा पुन्हा तपासतो, तसंच हे. काता ठरलेला असतो, त्यामुळे जे काही चुकतं ते करणाऱ्याचंच, आणि ते लगेच दिसतं. रोज नवं माप घेतलं तर चूक सापडणार कशी? गाण्याच्या क्लासात मुलगी वर्षभर पलटे घोटते तेव्हा आपण "रियाझ चाललाय" म्हणून कौतुक करतो. मग कराटेलाच घाई का?

आणि पट्ट्यांचं म्हणाल, तर ते कराटेत आले ज्यूदोकडून. गिचिन फुनाकोशींनी पहिले 'दान' दिले ते १९२४ साली. त्याआधी ओकिनावात पट्ट्यांवाचून शिकणं चालूच होतं, आणि एकेका कात्याला तीन वर्षं द्यायची रीत होती.

आता शहाणे म्हणतील, "रस्त्यावर कोणी काता करून दाखवतं का?" नाही. नुसता काता करून मारामारी येत नाही, हे मलाही मान्य आहे. समोर जोडीदार हवा, त्याची खरी लाथ अंगावर यायला हवी. पण त्यातून दहा कच्चे काते शिकावेत असं कुठे निघतं? एकच घ्या, आणि त्यातला ब्लॉक जोडीदारावर शंभरदा करून बघा.

हा वाद केवळ फीचा असता तर सोडून दिला असता. पण आपल्याकडे मुलींना 'स्वसंरक्षण' म्हणून हेच विकलं जातं. चार शिबिरं, एक रंगीत पट्टा, एक फोटो, आणि घरच्यांना वाटतं पोर आता सुरक्षित. ही खोटी खात्री काहीच न शिकण्यापेक्षा वाईट.

दुकान चालतं कारण गिऱ्हाईक आपण आहोत. तेव्हा पुढच्या वेळी मास्तरांना "पट्टा कधी?" असं विचारू नका. "त्याची मागची टाच अजून उचलते का हो?" असं विचारा. चांगला मास्तर खूश होईल. दुसरा तुम्हाला टाळेल. क्लास निवडायला एवढी परीक्षा पुरे.