प्रवासी कोणाच्या हवाली?

मुंबईच्या उपनगरी गाडीत पाकीट किंवा मोबाईल गमावलेला मनुष्य बहुधा तक्रार न करताच घरी जातो. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही विपरीत आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. वस्तुतः त्याचा हिशेब सरळ आहे. दादरला खिशात असलेला मोबाईल डोंबिवलीस उतरताना जागेवर नसतो. चोरी मधल्या कोणत्या स्थानकाच्या हद्दीत झाली हे त्याला ठाऊक नसते, आणि ते शोधण्यात संध्याकाळ आणि कदाचित दुसऱ्या दिवसाचा रोजगारही जातो. गेलेल्या वस्तूवर आणखी खर्च करू नये, हे शहाणपण त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

कायद्याने ही अडचण पुष्कळशी दूर केली आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच तो नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, तो कोणत्याही ठाण्यात नोंदविता येईल अशी तरतूद केली. परंतु कायदा बदलला म्हणून कामगिरी मोजण्याची रीत बदलत नाही. नोंदलेले गुन्हे कमी म्हणजे बंदोबस्त चोख, असा समज जोवर वरिष्ठांच्या बैठकीत रूढ आहे, तोवर 'चोरी'पेक्षा 'गहाळ' हा शब्द कनिष्ठांना सोयीचाच वाटणार. ज्याने आकडा वाढवायचा त्यालाच आकड्याबद्दल जाब द्यावा लागत असेल, तर आकडा खरा कसा राहावा?

याहून खोल दोष व्यवस्थेच्या रचनेत आहे. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे. १९५७ च्या कायद्याने ते उभे राहिले ते मुख्यत्वे रेल्वेची मालमत्ता राखण्यासाठी. प्रवाशांच्या सुरक्षेची जबाबदारी त्याच्याकडे स्पष्टपणे आली ती २००३ च्या दुरुस्तीने. लोहमार्ग पोलीस मात्र राज्याचे, आणि प्रवाशाविरुद्धच्या गुन्ह्याची नोंद व तपास त्यांच्याकडे. त्यांचा खर्च राज्य आणि रेल्वे निम्मानिम्मा उचलतात. डब्यातला पंखा चोरीला गेला तर १९६६ च्या कायद्याखाली चौकशी एक दल करते आणि त्याच पंख्याखाली बसलेल्या बाईची पर्स गेली तर दुसरे! भाडे केंद्राच्या तिजोरीत, गुन्हा राज्याच्या दफ्तरात, अशी ही वाटणी आहे. अशा वाटणीत दोन्ही पक्ष प्रामाणिक असले तरी खर्च वाढविण्याची निकड कोणालाच भासत नाही, कारण हयगयीची किंमत दोघांपैकी कोणाच्याच खात्यावर पडत नाही.

नाही म्हणायला एके ठिकाणी ती पडते. रेल्वे कायद्यानुसार गाडीत दरोडा, लूट वा हिंसक हल्ला होऊन, किंवा गाडीतून अपघाताने पडून प्रवासी दगावला, तर रेल्वेचा दोष असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. २०१७ पासून ती आठ लाख रुपये आहे. म्हणजे तिकिटाच्या दरात सुरक्षा अंतर्भूत आहे, हे तत्त्व कायद्याने मान्य केलेच आहे. मात्र ते जागे होते ते प्रवासी मेल्यावर किंवा जखमी झाल्यावर. दारात उभ्या असलेल्या तरुणाच्या हातावर रुळांलगतच्या खांबाआडून काठीचा फटका मारून मोबाईल पाडणाऱ्या टोळ्यांचा उपद्रव मुंबईकरांना परिचित आहे. तरुण खाली पडला तर भरपाईचा प्रश्न, न पडला तर नुसताच 'गहाळ'.

सर्वांत मोठी किंमत मात्र मोबाईलची नव्हे. ती स्त्रिया मोजतात, आणि ती कोणत्याही नोंदवहीत येत नाही. दिल्ली विद्यापीठातील विद्यार्थिनींविषयी अर्थशास्त्रज्ञ गिरिजा बोरकर यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसून आले की, अधिक सुरक्षित वाटेने जाता यावे म्हणून मुली गुणवत्तेने कमी प्रतीचे महाविद्यालय पत्करतात. मुंबईत महाविद्यालयाच्या जागी रात्रपाळीची नोकरी ठेवावी. परिचारिका, उपाहारगृहातील कामगार, कार्यालये झाडणाऱ्या बाया यांपैकी कितीजणींनी गाडीच्या वेळेपायी अधिक पगाराचे काम नाकारले असेल, याची गणती कोणी ठेवीत नाही. गर्दीत चोराचे फावते आणि रिकामेपणात गुंडाचे. दिवसाच्या दोन्ही टोकांना भुर्दंड तिलाच. म्हणूनच रात्री उशिरा कित्येक स्त्रिया रिकामा महिला डबा टाळून पुरुषांनी भरलेल्या सामान्य डब्यात चढतात. राखीव जागा मोकळी सोडून अवघडून उभे राहण्यास कोणी हौसेने तयार होत नसते. अर्थात तेथेही हमी नाही. ऑगस्ट २००२ मध्ये धावत्या उपनगरी गाडीत एका मतिमंद मुलीवर बलात्कार झाला, तेव्हा डब्यात अन्य प्रवासी होते.

रात्रीच्या महिला डब्यांत पोलीस असतात, ही व्यवस्था चांगली आहे आणि ती वाढलीही पाहिजे. परंतु कॅमेरे आणि शिपाई यांची संख्या जाहीर करणे सोपे, म्हणून तीच वरचेवर जाहीर होते. त्याऐवजी दोन स्थानकांमधील प्रत्येक टप्प्यावर किती गुन्हे नोंदले व किती उघडकीस आले, हे रेल्वे आणि राज्य यांनी दरमहा एकत्र प्रसिद्ध करावे. नोंद सोपी झाल्याने पहिल्या वर्षी आकडा चढेल. त्या चढाबद्दल कोणाही अधिकाऱ्याला दोष देऊ नये, उलट तो न चढल्यास खुलासा मागावा. दोन दलांच्या प्रवासी सुरक्षेवरील खर्चाचा ताळेबंदही एकच असावा आणि त्याला जबाबदार अधिकारी एकच असावा.

याआधी करता येण्याजोगे एक काम फारच स्वस्त आहे. मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या कर्जत लोकलच्या महिला डब्यात शिपाई असतोच. त्याने प्रत्येक स्थानकात चढलेल्या स्त्रियांची संख्या वहीत टिपावी आणि सहा महिन्यांनी ती वही दोन्ही दलांच्या प्रमुखांपुढे ठेवावी.