मारेकऱ्याच्या दारातला मुलगा

अपराधकथेविषयी आपल्या वाङ्मयीन व्यवहारात दोन आक्षेप वर्षानुवर्षे जोडीने वावरत आले आहेत. पहिला असा की ही कथा दुय्यम आहे. तिच्यात रहस्य असते, जीवनदर्शन नसते. दुसरा असा की ती घातक आहे. कोवळ्या मनाला ती खुन्याच्या मोहात पाडते. या दोहोंचे परस्परांशी जमत नाही, याची खंत आक्षेपकांना नाही. जे लेखन मनाच्या तळाशी जाऊन माणूस बदलू शकते ते क्षुद्र कसे? आणि जे क्षुद्रच आहे, त्याचे एवढे भय कशासाठी? अस्वस्थ किशोरवयीन मुलगा एखाद्या मारेकऱ्याकडे ओढला जातो, या सूत्राभोवती रचलेल्या कथेवर तर दोन्ही आक्षेप एकदमच कोसळतात. म्हणून त्या जातीच्या दोन कृती समोर ठेवूनच हा वाद घातलेला बरा.

पॅट्रिशिया हायस्मिथ यांची ‘द बॉय हू फॉलोड रिप्ली’ ही कादंबरी 1980 साली प्रसिद्ध झाली. टॉम रिप्ली हा त्यांचा सुसंस्कृत, चित्रांचा दर्दी, फ्रान्समधल्या एका खेड्यात सुखाने नांदणारा खुनी. त्याच्या दाराशी सोळा वर्षांचा फ्रँक हा अमेरिकन मुलगा येऊन ठेपतो. चाकांच्या खुर्चीत खिळलेल्या आपल्या धनाढ्य बापाला त्याने कड्यावरून लोटून दिले आहे आणि हे गुपित सांगायला त्याला जगात दुसरे कोणी सापडलेले नाही. रिप्ली त्याला आसरा देतो, बर्लिनमध्ये अपहरणकर्त्यांच्या हातून सोडवतो, आणि झाले ते मनावेगळे करण्याचा सल्ला देतो. स्वतःला तो हेच करत आला आहे. मुलाला मात्र ते जमत नाही. अखेरीस फ्रँक घरी परततो आणि त्याच कड्यावरून स्वतःला झोकून देतो.

या कादंबरीत खुनी आकर्षक आहे, हा आरोप खराच आहे, आणि तो मान्य करण्यात कोणाची मानहानी नाही. पण हे आकर्षण कशाचे, हा प्रश्न आक्षेपक विचारीत नाहीत. फ्रँकला रक्ताची ओढ नाही. रक्त सांडूनही माणूस शांत झोपू शकतो, या शक्यतेची त्याला ओढ आहे. आपल्या अपराधाचे ओझे कसे वाहावे, हे तो शिकायला आला आहे, आणि ज्याला ओझेच जाणवत नाही अशा गुरूपाशी येऊन पडला आहे. रिप्लीचा सगळा स्नेह त्याला वाचवू शकत नाही, कारण त्या स्नेहाला पश्चात्तापाची भाषाच ठाऊक नाही. लेखिका कोठेही उपदेश करीत नाही. तरी सदसद्विवेक असणे म्हणजे काय आणि नसणे म्हणजे काय, हे या दोघांच्या सहवासात जितके उघड होते, तितके शंभर बोधकथांत होणार नाही.

दुसरी कृती स्टीफन किंग यांची. ‘ॲप्ट प्यूपिल’ ही त्यांची दीर्घकथा 1982 साली ‘डिफरंट सीझन्स’ या संग्रहात आली. कॅलिफोर्नियातला तेरा वर्षांचा हुशार, गोरागोमटा टॉड बाऊडन नाव बदलून राहणाऱ्या एका म्हाताऱ्या नाझी गुन्हेगाराला ओळखतो. त्याला तो पकडून देत नाही. छळछावण्यांतल्या कहाण्या त्याने आपल्याला तपशिलाने सांगाव्यात, म्हणून तो त्याला धमकावतो. आईवडील समजतात की आपला गुणी मुलगा एका वृद्धाला पुस्तके वाचून दाखवायला जातो.

येथे आक्षेपक म्हणतील, की टॉडची भूक एका मित्राच्या घरी सापडलेल्या जुन्या मासिकांनी चाळवली, हे खुद्द किंगच सांगतात. वाचनाने पोर बिघडते, याचा हाच पुरावा नव्हे काय? पुरावा आहे, पण तो त्यांच्याच विरुद्ध जातो. त्या मासिकांतले लेख नाझींचा निषेधच करीत होते. जाहिराती मात्र जर्मन सुरे आणि पट्टे विकत होत्या. मुलाने निषेध बाजूला सारला आणि खरा व्यवहार अचूक ओळखला. म्हणजे शेवटी दुष्टाला शासन झाले, एवढा शिक्का मारला की कथा निर्धोक होते, ही समजूत भोळी आहे. असा शिक्का पुष्कळदा मालाचे वेष्टन असतो. धोका असतो तो आपलाच मोह लपवणाऱ्या लेखनात. किंग आणि हायस्मिथ तो लपवीत नाहीत.

मराठीत बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि पिढ्यान् पिढ्या त्या आवडीने वाचल्या गेल्या. त्यांचा आदराने अभ्यास करण्याऐवजी आपल्या समीक्षेने बहुधा आकड्याचेच कौतुक केले. या उपेक्षेची किंमत आहे. जो प्रकार गंभीरपणे वाचलाच जात नाही, त्याच्याकडून गंभीर प्रश्नांची अपेक्षाही होत नाही, आणि मग गुन्हेगार कोण एवढेच विचारून तो थांबतो. खुन्याच्या दारात उभा असलेला मुलगा घरातून का निघाला, हा प्रश्न अनाथ राहतो.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर देशभर जो क्षोभ उसळला, त्यातून बाल न्यायाचा 2015 चा कायदा आला. सोळा ते अठरा या वयातल्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाच्या प्राथमिक मूल्यमापनानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट या कायद्याने मोकळी केली. मूल्यमापन कशाचे? त्याच्या मानसिक आणि शारीरिक क्षमतेचे, परिणाम समजण्याच्या कुवतीचे, आणि ज्या परिस्थितीत गुन्हा घडल्याचा आरोप आहे, तिचे. तो क्षोभ खोटा नव्हता. पीडितांचे दुःख कोणत्याही युक्तिवादाने हलके होत नाही. पण सोळा वर्षांचा मुलगा पुस्तक उघडतो तेव्हा तो अजाण बालक, आणि गुन्हा करतो तेव्हा पुरता प्रौढ, ही आपली दुहेरी मोजपट्टी कोणत्या न्यायात बसते?

फ्रँकला परिणाम पुरते समजत होते. त्या समजुतीनेच त्याचा जीव घेतला. टॉडलाही ते समजत होते, आणि त्याला त्याचे काहीच वाटले नाही. कुवत दोघांचीही सारखी. अंतःकरणे मात्र दोन ध्रुवांवर. हा भेद कोणत्याही प्रश्नावलीत सहजासहजी सापडणार नाही. तो दाखवणे हे साहित्याचे काम आहे, आणि ज्या कथेला आपण दुय्यम ठरवून दाराबाहेर उभे केले, तिने ते केले आहे. तिला आत घ्यायचे की नाही, याचा निर्णय अभिरुचीने खुशाल करावा. पण त्या मुलांकडे पाहण्याचे टाळण्यासाठी अभिरुचीची सबब पुढे करू नये.