मांडी म्हणजे टेबल नव्हे

मीरा-भाईंदरच्या वन रूम किचनमध्ये टेबलाला जागा नसते. नवा लॅपटॉप गादीवर, नाही तर मांडीवर येतो. तो तापला की संशय यंत्रावर. वास्तविक जड काम चालू असताना प्रोसेसर आतून ८०-९० अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतो; तो दोष नव्हे. पाहायचे ते बाहेरचे तापमान.

४४ अंशांचा स्पर्श क्षणभर सोसवतो. तोच सहा तास राहिला तर त्वचा भाजते. न भाजणारी, पण रोजची ऊब कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उमटवते. काश्मीरमध्ये कांगडीने असे डाग पडतात, क्वचित तिथे कर्करोगही होतो. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधील १२ वर्षांच्या मुलाच्या मांडीवर लॅपटॉपमुळे तसेच डाग पडल्याची वैद्यकीय नोंद आहे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना तर चटका कळतही नाही.

परीक्षा घरीच करावी. लॅपटॉप टेबलावर ठेवून, झरोके मोकळे सोडून अर्धा तास साधे काम करावे. तेवढ्यातही तळाला तळहात टेकवून धरवत नसेल, पंखा सतत घोंघावत असेल किंवा यंत्र आपोआप बंद पडत असेल, तर वॉरंटीत दाखवावे. यंत्र निर्दोष ठरले, तरी मांडी ही त्याची जागा नव्हे. भिंतीला घडीची फळी लावण्याइतकी जागा लहान घरातही निघते.