न दिसणारा थकवा



सीमाभागातील एका गावाहून एका भगिनीचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांचे नाव व गाव येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्यांची अडचण एकट्या त्यांचीच नाही, म्हणून त्यांच्या अनुमतीने या आठवड्यात तिचा विचार आपणा सर्वांसमक्ष करीत आहोत.

पत्राचा आशय असा. त्यांचे यजमान बेळगावच्या एका फौंड्रीत सतरा वर्षे साचे भरण्याच्या कामावर आहेत. गेल्या वर्षी त्यांचे वजन घटू लागले, रात्री घाम येऊ लागला, डाव्या बरगडीखाली जडपणा वाटू लागला. रक्त तपासले तेव्हा पांढऱ्या पेशी भरमसाट वाढलेल्या आढळल्या आणि रोगाचे नाव कळले: दीर्घकालीन मायलॉइड ल्यूकेमिया, म्हणजे सावकाश वाढणारा रक्ताचा कर्करोग. रोज एक गोळी सुरू झाली. काही महिन्यांत तपासण्या सुधारल्या आणि डॉक्टरांनी कामावर जाण्यास मोकळीक दिली. घरात आनंद झाला. परंतु आता दुपार उलटली की यजमानांचे हातपाय गळतात. घरी आल्यावर ताट वाढेपर्यंत त्यांचा डोळा लागतो. रविवारी मिस्सानंतर भेटणारे म्हणतात, "चेहरा तर चांगला तजेलदार दिसतो!" सासूबाई म्हणतात, "रिपोर्ट चांगला आहे ना? मग अंग झटकून उठावे." ह्या बोलण्याने ते अधिकच गप्प होतात. आणि पत्र लिहिण्याचे खरे कारण शेवटच्या चार ओळींत आहे: गोळ्यांची पाकिटे मोजून पाहता त्यांना आढळले की, ज्या दिवशी ओतकामाचा भार जास्त, त्या दिवशी यजमान गोळी घेतच नाहीत. गोळीनेच अंग गळते आणि ती टाळली की हात चालतो, अशी त्यांची समजूत झाली आहे. "हे मी डॉक्टरांस सांगू, की त्यांच्या मनाप्रमाणे चालू देऊ?" असे त्या विचारतात.

भगिनी, आम्ही वैद्य नव्हे आणि औषधाचे प्रमाण ठरविणे हे आमचे काम नव्हे. तथापि ज्या गोष्टी आज निःशंकपणे ठाऊक आहेत त्या सांगणे आमचे कर्तव्य आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच देतो. चालू देऊ नका. डॉक्टरांस सांगावे, परंतु यजमानांच्या पाठीमागे नव्हे, त्यांच्यासह जाऊन सांगावे. ह्याचे कारण समजण्यासाठी हा रोग कसा चालतो ते थोडे पाहू.

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड ह्या दोन संशोधकांना अशा रुग्णांच्या रक्तपेशींत एक आखूड झालेले गुणसूत्र सापडले. त्या शहरावरून त्याचे नाव पडले. पुढे १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली ह्या विदुषीने दाखवून दिले की, नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांच्या जागी जाऊन जोडले जातात. ह्या चुकीच्या जोडणीतून एक विपरीत प्रथिन तयार होते आणि ते अस्थिमज्जेतील पेशींना अहोरात्र "वाढा, वाढा" असा हुकूम देत राहते. शेताच्या पाटाचे दार उघडे राहिले म्हणजे पाणी जसे वाफे फोडून धावते, तसाच हा प्रकार होय.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण गावोगाव ह्याविषयी कुजबुज चालते. ही जोडणी माणसाच्या आयुष्यात पुढे केव्हातरी त्याच्या मज्जेतील एका पेशीत घडते. ती आईबापांकडून येत नाही व मुलाबाळांकडे जात नाही. एका ताटात जेवल्याने, एका खाटेवर निजल्याने हा रोग कोणासही लागत नाही. तेव्हा अशा घरातील मुलीचे स्थळ पाहताना कोणी नाक मुरडत असेल, तर तो अज्ञानाचा दोष आहे, रक्ताचा नव्हे.

पूर्वी ह्या रोगावर जी औषधे होती ती पेशींची संख्या काही काळ उतरवीत, परंतु बहुतेकांचा रोग काही वर्षांत उग्र रूप धारण करी. अस्थिमज्जेचे रोपण थोड्यांनाच साधे. २००१ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या इमॅटिनिब नावाच्या गोळीने हे चित्र पालटले. ती गोळी त्या विपरीत प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते व त्याचा हुकूम बंद पाडते. तिच्या मूळ चाचणीतील रुग्णांचा अहवाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात दहा वर्षांनंतर गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ८३ जण हयात होते. आपल्या देशात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला, त्यामुळे भारतीय कारखान्यांत तयार होणारी स्वस्त गोळी मिळत राहिली. मोलमजुरी करणाऱ्याच्या घरात हे औषध पोहोचते, त्यामागे एवढा इतिहास आहे.

परंतु ही गोळी पाटाचे दार कायमचे बुजवीत नाही. ती ते दाबून धरते. घेतलेल्या औषधातील निम्मे सुमारे अठरा तासांत रक्तातून ओसरते. म्हणून दुसऱ्या दिवशी दार धरावयास दुसरा हात, म्हणजे दुसरी गोळी, हवी. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१० साली ८७ रुग्णांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. औषधाच्या डबीच्या झाकणात एक सूक्ष्म यंत्र बसवून, डबी केव्हा केव्हा उघडली गेली ह्याची त्यांनी तीन महिने नोंद ठेविली. ज्यांनी शंभरांपैकी नव्वदाहून अधिक गोळ्या घेतल्या, त्यांच्यात सहा वर्षांत रोग अत्यल्प पातळीवर येण्याचे प्रमाण सुमारे ९४ टक्के ठरले. ज्यांनी नव्वद किंवा त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यात ते २८ टक्के. नव्वद टक्के म्हणजे काय? महिन्याला केवळ तीन गोळ्या चुकणे! तुमचे यजमान आठवड्यास दोन चुकवीत असतील, तर महिन्यास आठ झाल्या. आज रिपोर्ट चांगला दिसतो तो मागे नेमाने घेतलेल्या गोळ्यांचा. आज चुकलेल्यांचा हिशेब पुढे दिसेल.

कोणी म्हणेल, काही रुग्णांची गोळी डॉक्टर स्वतःच थांबवितात असे ऐकतो. हे खरे आहे. फ्रान्समध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दोन वर्षांहून अधिक काळ ज्यांच्या रक्तात रोगाचा मागमूसही सापडला नव्हता, अशा शंभर रुग्णांची गोळी थांबविण्यात आली. एका वर्षानंतर सुमारे चाळीस टक्क्यांचा रोग परतला नव्हता. इतरांचा परतला, परंतु वारंवार होणाऱ्या तपासण्यांत तो लगेच दिसला आणि गोळी पुन्हा सुरू करताच आटोक्यात आला. देखरेखीखाली औषध थांबविणे आणि कामाच्या पाळीप्रमाणे ते मनाने चुकविणे ह्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

आता थकव्याकडे वळू. यजमानांचा थकवा खोटा आहे काय? मुळीच नाही. ह्या रोगात आणि ह्या औषधांत थकवा ही सर्वांत सामान्य तक्रारींपैकी एक आहे, आणि तो तुमच्या-आमच्या दमण्यासारखा नसतो. आपण दमलो तर रात्रीच्या झोपेने ताजे होतो. हा माणूस आठ तास झोपूनही शिणलेलाच उठतो. चेहऱ्यावर काही दिसत नाही. किंबहुना ह्या गोळीने कित्येकांच्या डोळ्यांभोवती किंचित सूज येते आणि पाहणारास माणूस उलट भरल्यासारखा वाटतो. म्हणून "चेहरा तर बरा दिसतो" हे वाक्य कितीही प्रेमाने उच्चारले तरी रुग्णाच्या कानी ते "तुझी तक्रार खरी नाही" असेच पडते.

यजमानांची शंका अगदी निराधार नाही. गोळीचाही त्या थकव्यात वाटा असू शकेल. परंतु वाटेकरी अनेक असतात. रक्तातील लाल पेशी कमी झालेल्या असतील; थायरॉइड ग्रंथी मंदावली असेल; रात्री पायांत पेटके येऊन झोप मोडत असेल; सहा महिने घरी बसल्याने स्नायू दुबळे झाले असतील; किंवा मनात भीती व उदासी घर करून बसली असेल. ह्यांतील बहुतेकांवर काही ना काही उपाय आहे, परंतु डॉक्टरांस कळल्यावाचून तो होणार कसा? तपासणीच्या दिवशी "कसे आहे?" ह्या प्रश्नास "ठीक आहे" असे उत्तर देऊन परतणारे रुग्ण फार. त्याऐवजी एक वही करावी. थकवा कोणत्या वेळी येतो, झोप किती झाली, गोळी केव्हा घेतली व कोणती चुकली, हे पंधरा दिवस खरे खरे लिहावे आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. गोळीची वेळ बदलणे, प्रमाण बदलणे, अथवा दुसरे औषध देणे हे त्यांच्या हाती आहे. ह्या रोगावर आज एकाहून अधिक औषधे उपलब्ध आहेत. इमॅटिनिब जेवणासह व मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावयाची असते, हेही ध्यानी ठेवावे. आणि शक्ती यावी म्हणून कोणी झाडपाला किंवा पुडी सुचवील तर ती डॉक्टरांस दाखविल्याविना देऊ नये. काही वनस्पती ह्या गोळीचे बळ कमी करतात.

आणखी एक गोष्ट विचित्र वाटेल. ह्या थकव्यावर केवळ पडून राहणे हा उपाय नव्हे. रोज थोडे चालणे, प्रथम दहा मिनिटे, मग सोसेल तसे अधिक, ह्याने थकवा कमी होतो असे अनुभवास आले आहे. मात्र दिवसाच्या शक्तीची नाणी मोजकीच आहेत असे समजून ती खर्च करावी. बरे वाटले त्या दिवशी आठवड्याचे काम उरकावयास जाणे आणि पुढे तीन दिवस अंथरूण धरणे, हा तोट्याचा व्यवहार होय.

राहिला प्रश्न फौंड्रीचा. पुरुषमाणसास काम केवळ पगार देत नाही, तर घरात व गावात मान देते. म्हणूनच यजमान गोळी चुकवितात पण काम चुकवीत नाहीत. त्या मानास धक्का न लावता वाट काढावयास हवी. सर्व कारखान्यास आजार सांगण्याची गरज नाही. परंतु मालक किंवा फोरमन ह्यांपैकी एका विश्वासू माणसास सांगणे हितकर. नुसते "मला बरे नसते" असे सांगू नये, तर नेमके काय हवे ते मागावे: भट्टीजवळचे व उचलण्याचे काम सोडून काही महिने तयार माल तपासण्याचे अथवा स्टोअरचे काम, रात्रपाळीतून सूट, दुपारी वीस मिनिटे टेकावयास जागा, तपासणीच्या दिवसाची रजा आधी ठरलेली. डॉक्टरांकडून तशी चिठ्ठी आणावी. सतरा वर्षांचा कसबी हात कोणताही शहाणा मालक सहज गमावू इच्छीत नाही. साच्यातील खोट ज्याला नजरेने कळते, त्याची नजर तर थकलेली नाही!

कामगार ई. एस. आय. योजनेत असेल तर तिच्यातील एक तरतूद पुष्कळांस ठाऊक नसते. कर्करोग धरून चौतीस दीर्घ आजारांसाठी, अटींत बसणाऱ्या विमेदारास, वैद्यकीय दाखल्यावर दोन वर्षांपर्यंत मजुरीच्या ऐंशी टक्के दराने साहाय्य मिळू शकते. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करोग्यास व त्याच्या सोबत्यास रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे. ही भीक नव्हे. कारखान्याच्या कचेरीत व रुग्णालयाच्या समाजसेविकेकडे चौकशी करावी. अर्ज भरण्यास अडचण वाटल्यास आपापल्या धर्मगुरूंकडे जावे.

सासूबाईंसही आम्ही दोन शब्द सांगू इच्छितो. आपल्या काळी दुखणे म्हणजे अंथरूण, आणि अंथरूण सुटले म्हणजे दुखणे गेले, असा हिशेब होता. हे दुखणे तसे नाही. त्यात माणूस चालतो, जेवतो, कामास जातो आणि तरीही आजारी असतो. आपल्या मुलास आळस शिवलेला नाही. एलिया संदेष्टा झुडपाखाली निजला तेव्हा देवदूताने त्याला धिक्कारले नाही. भाकर व पाणी पुढे ठेविले, आणि वाट लांबची आहे म्हणून पुन्हा एकदा उठवून जेवू घातले. संध्याकाळी मुलगा दारात आला की प्रश्न न विचारता ताट वाढा. ते त्यास चार उपदेशांहून मोलाचे वाटेल.

आणि भगिनी, तुम्ही. पाकिटे चोरून मोजणे आता थांबवा. ज्या दिवशी त्यांचे मन शांत असेल त्या दिवशी सरळ म्हणा, "गोळ्या चुकतात हे मला कळले आहे. मी रागावलेली नाही, मला भीती वाटते." नंतर रात्रीच्या जेवणाची किंवा डॉक्टर सांगतील ती वेळ ठरवा आणि गोळी ताटाबरोबरच ठेवा. पुढील तपासणीस दोघे मिळून जा आणि चुकलेल्या गोळ्यांची खरी संख्या डॉक्टरांस सांगा. ती त्यांना ठाऊक नसेल, तर रक्ताचा अहवाल वाचताना त्यांचाही अंदाज चुकेल. तुम्हीही थकला असाल. आपल्या बहिणीस किंवा शेजारणीस आठवड्यातून एक दुपार मागण्यास संकोच करू नका.

इतर वाचकांना आमची विनंती लहानशीच आहे. प्रत्येक धर्मग्रामात असा एखादा तरी माणूस असतो, जो बरा दिसतो आणि बरा नसतो. सणाच्या मांडवाचे बांबू उचलावयास तो आला नाही म्हणून त्यास नावे ठेवू नका. त्यास वर्गणीची वही द्या, गायनाची तालीम द्या, बसून करावयाचे काम द्या. परंतु यादीतून त्याचे नाव काढू नका. आणि रविवारी भेटल्यावर त्याच्या चेहऱ्याविषयी अभिप्राय देण्याऐवजी एवढेच विचारा, "आज किती वेळ उभे राहवेल? नाहीतर इथे बाकावर बसून बोलू."