कुंडीत एक तरी गावठी मिरची

पावसाळा तोंडावर आला की ओळखीचे लोक विचारतात, ‘गॅलरीत काय लावू?’ मी मिरची सांगतो, आणि तीही गावठी.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती इकडे आली. तोवर आपल्या स्वयंपाकाचा तिखटपणा मिऱ्यांवर आणि आल्यावर चालायचा. पुढच्या पिढ्यांनी चांगलं फळ बियाण्याला राखून आपापल्या मातीला मानवेल अशी मिरची घडवली. नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, काणकोणच्या डोंगरउतारावरची खोला ही त्यातलीच नावं. दोघींनाही भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकनाने वाण टिकत नाही. दरवर्षी कुणीतरी बी पेरलं तरच तो टिकतो. बाजारातली हिरवी मिरची बहुतेक संकरित असते आणि तिचं बी लावलं तर पुढचं झाड आईसारखं निघेलच असं नाही. म्हणून गावाकडून आलेल्या, उन्हात वाळवलेल्या लाल मिरचीचं बी घ्या.

माती, शेणखत आणि कोकोपीट एकत्र करून बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरा. आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात. पाचेक आठवड्यांनी रोप 10-12 इंची कुंडीत हलवा. कुंडीच्या तळाला भोक हवंच, कारण साचलेल्या पाण्यात मुळं कुजतात. निदान सहा तास ऊन मिळालं पाहिजे. वरची माती सुकल्यावरच पाणी घाला. पारा 35 अंशांपलीकडे गेला की फुलं गळतात. त्या दिवसांत झाड दुपारच्या उन्हातून बाजूला घ्या. घाबरून खत ओतू नका; जास्त नत्राने नुसता पाला माजतो.

खरा शत्रू चुरडा-मुरडा. फुलकिडे आणि कोळी पानांतला रस शोषतात, पांढरी माशी विषाणू पसरवते, आणि पानं आकसून वाकडी होतात. दर आठवड्याला पानं उलटून पाहा. कीड दिसली की संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूला फवारा. विषाणूवर मात्र औषध नाही. ते झाड वेळीच उपटलं तर बाकीची वाचतात.

तिखटपणा बियांत असतो असं बहुतेकांना वाटतं. तो खरं तर बिया जिला चिकटलेल्या असतात त्या आतल्या पांढऱ्या शिरेत तयार होतो. आपल्या जिभेला भाजणारं हे कॅप्सेसिन पक्ष्यांना जाणवतच नाही. ते पिकली मिरची खुशाल खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात. रानात मिरची पसरली ती अशी.

घरात हे काम आपल्याला करायचं आहे. सर्वांत निरोगी झाड निवडा. मिरचीचं परागीभवन बहुतांशी स्वतःच्याच फुलात होतं, पण मधमाश्या शेजारच्या वाणाचे परागही आणतात. म्हणून शेजारी दुसरी मिरची असेल तर कळ्या उमलण्याआधी एका फांदीवर पातळ मलमलची पिशवी बांधा आणि फळ धरल्यावर ती सोडा. त्या फांदीवरची फळं झाडावरच लालभडक पिकू द्या. मग बी काढून सावलीत वाळवा आणि कागदी पुडीत वाणाचं नाव, गाव, वर्ष लिहून ठेवा.

यंदा तुमच्या आजोळच्या मिरचीचं बी मागवा, लावा आणि पिकलं की निदान दोन घरी वाटा.